कॅमेरा हँडलबारवर

पहाटे ५.३०, हर्णै. खोली पंख्याचीच घेतली होती. एसीत गार पडलेला कॅमेरा किनाऱ्यावर बाहेर काढला की दमट हवेनं काच धुरकटते, आणि ती निवळेपर्यंत हवा तो उजेड निघून जातो.

६.४५. सुवर्णदुर्ग पश्चिमेला, पाण्यात. मागच्या डोंगरावरून सूर्य वर आला की पहिलं ऊन थेट तटबंदीवर पडतं. तो रंग फार टिकत नाही, म्हणून ट्रायपॉड आधीच रोवून ठेवलेला.

८.००. सायकलवर सामान बांधणं. दिवसभरात कोणते फोटो मिळणार हे इथंच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा मागच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत अगदी सुखरूप राहतो, पण मग त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. मी तो छोट्या ३५ मिमी लेन्ससह हँडलबार बॅगेत, फोमच्या कप्प्यात ठेवतो. पाय टेकला की हातात. ही बॅग तीन किलोच्या आतच हवी, नाहीतर चढावर हँडल डुलतं. लांब लेन्स आणि चार्जर मागे, पॅनिअरच्या तळाशी, जाकिटात गुंडाळून. ट्रायपॉड कॅरिअरवर आडवा न ठेवता लांबीत बांधायचा. उघड्या कॅरिअरवर लेन्स कधीच ठेवू नये. खडबडीत रस्त्याच्या सततच्या थरथरीनं तिचे बारीक स्क्रू सैल होतात.

९.००. महर्षी कर्व्यांचं मुरूड, मग कर्दे, लाडघर, बुरोंडी. रस्ता किनाऱ्याला उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. चढावर सायकल माणसाच्या चालीनं जाते, तेव्हा अंगणात वाळणारं भात दिसतं, गडग्यावर बसलेली पोरं दिसतात, तीही आपल्याला बघतात. माझे आवडते फोटो चढावरचेच. उतारावर बॅगेची क्लिप बंद आणि दोन्ही हात ब्रेकवर.

१.००. जेवण, सावली. डोक्यावरच्या उन्हात कॅमेरा काढत नाही.

३.००, दाभोळ. धक्क्याजवळ मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं, "मावशी, फोटो काढू का?"

"आधी गिऱ्हाईक होऊ दे, मग काढ."

थांबलो. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि थेट लेन्सकडे पाहिलं. न विचारता काढलेल्या फोटोत अशी नजर मिळत नाही. मग फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे.

५.३०, गुहागर. मावळतीला समोर सगळा समुद्र. वाऱ्याबरोबर वाळू उडते, त्यामुळे किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. लांब लेन्स वर सुरूच्या बनातच लावून घेतली.

८.३०. ओलसर फडक्यानं कॅमेऱ्यावरचं खारं पुसणं, मग कोरड्यानं. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुतले. फोटोंची प्रत दुसऱ्या कार्डावर घेऊन ते कार्ड हत्यारांच्या पिशवीत टाकलं. दोन्ही कार्डं एका पिशवीत ठेवत नाही. खोलीत प्लग एकच. आधी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फोन पहाटे.