व्हाइस 'सी'चा की 'एस'चा?
हौशी सुतारांच्या मंडळींत रंगणारे व्याकरणाचे वाद

सुतारकाम हा ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग नाही, तर सुटीच्या दिवसाचा छंद आहे, अशा मंडळींची संख्या ब्रिटन, अमेरिकेसारख्या इंग्रजी भाषक देशांत मोठी आहे. गाडी बाहेर काढून रिकाम्या केलेल्या गॅरेजमध्ये किंवा घरामागच्या शेडमध्ये त्यांची कार्यशाळा थाटलेली असते. त्यांच्या गप्पा रंधा, करवत आणि सांधे यांच्याभोवती फिरतात. मध्येच कोणी तरी एखादा शब्द 'चुकीचा' लिहितो किंवा उच्चारतो आणि लाकूड बाजूला राहून व्याकरण सुरू होते. या वादांत आवेश भरपूर असला, तरी कडवटपणा क्वचितच आढळतो. दुसऱ्याची चूक दाखवणारा पुढच्याच वाक्यात स्वत: घसरतो, हशा पिकतो आणि सगळे पुन्हा रंध्याकडे वळतात. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. त्यातले काही वाद खरोखरच निव्वळ गमतीचे आहेत; काहींत मात्र चांगले लाकूड आणि पैसा दोन्ही पणाला लागतात.

निरुपद्रवी वादांत पहिला मान व्हाइसचा. वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या या साधनाचे नाव ब्रिटनमध्ये 'सी' अक्षराने लिहितात, अमेरिकेत 'एस'ने. अमेरिकी वाचकाच्या लेखी 'सी'चा व्हाइस म्हणजे दुर्गुण. त्यामुळे 'माझ्या टेबलाला दोन व्हाइस आहेत' असे एखाद्या ब्रिटिश गृहस्थाने लिहिले, की 'फक्त दोनच?' ही कोटी ठरलेली. गंमत बाजूला ठेवली तर दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. साधनाचे नाव स्क्रूसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आले आणि त्या शब्दाच्याही मागे लॅटिनमधली द्राक्षवेल आहे. वेलीच्या तणाव्याला असतो तसाच पीळ स्क्रूच्या आट्यांना असतो. दुर्गुणाचा व्हाइस वेगळ्या लॅटिन शब्दातून आला आणि 'व्हाइस चान्सलर'मधला तिसऱ्याच. ब्रिटनने तिघांना एकाच स्पेलिंगात बसवले, अमेरिकेने त्यातल्या एकाला स्वतंत्र ओळख दिली. तर्काच्या कसोटीवर येथे अमेरिकेची बाजू उजवी म्हणावी लागेल.

फळीच्या कडेला काढलेल्या पायरीसारख्या खाचेची कथा आणखी मजेदार आहे. फोटोच्या चौकटीत काच जिच्यात बसते, ती ही खाच. अमेरिकेत तिला 'रॅबेट' म्हणतात, तर ब्रिटनमध्ये 'रिबेट' असे लिहितात. जुने ब्रिटिश कारागीर मात्र लिहितात 'रिबेट' आणि म्हणतात 'रॅबिट', म्हणजे ससा. सशावरचे विनोद त्यामुळे या मंडळींत कधीच जुने होत नाहीत. आपल्याकडे गांधी जयंतीला खादीवर मिळणारी 'रिबेट' आणि ही खाच एकाच कुळातील आहेत. 'ठोकून खाली आणणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून दोन्ही शब्द निघाले. एकीकडे किंमत खाली येते, दुसरीकडे फळीची कड.

'डेडो' या शब्दापाशी मात्र गमतीची हद्द संपू लागते. पुस्तकांच्या कपाटात फळी अडकवण्यासाठी बाजूच्या तक्त्यात आडवी खोबण कापतात. अमेरिकेत तिला 'डेडो' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'हाउसिंग'. काटेकोर अमेरिकी हौशी माणूस आणखी एक भेद पाळतो : लाकडाच्या रेषांना आडवी असेल तरच ती 'डेडो'; रेषांच्या दिशेने कापली तर ती नुसती 'ग्रूव्ह'. मूळ शब्द इटालियन असून त्याचा अर्थ फासा किंवा चौकोनी ठोकळा. स्तंभाच्या बैठकीतील ठोकळ्याला ते नाव पडले आणि तेथून ते भिंतीच्या खालच्या भागाकडे सरकले. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात आपण 'डॅडो'च्या टाइल्स बसवतो, त्या याच वाटेने आलेल्या. अमेरिकी लेखात ही खोबण कापण्यासाठी टेबल सॉवर अनेक पात्यांचा संच लावायला सांगितलेले असते. युरोपात विकल्या जाणाऱ्या बहुतेक टेबल सॉचा दांडा तो संच मावेल इतका लांब नसतो. शब्द समजला, पण यंत्र निराळे, अशी वाचकाची पंचाईत होते.

खरा घोळ घालतो तो 'प्लेनर'. येथे एकाच शब्दाने दोन देशांत दोन वेगळी यंत्रे ओळखली जातात. वाकलेल्या फळीची एक बाजू सपाट करणाऱ्या यंत्राला ब्रिटनमध्ये 'प्लेनर' म्हणतात. अमेरिकेत त्याच यंत्राचे नाव 'जॉइंटर'. उलट फळीची जाडी सर्वत्र सारखी करणारे यंत्र अमेरिकेत 'प्लेनर' आणि ब्रिटनमध्ये 'थिकनेसर'. ब्रिटिश पुस्तक सांगते, 'फळी आधी प्लेनरवरून काढा.' अमेरिकी शब्द डोक्यात ठेवणारा नवशिका आपली फळी थेट जाडी करणाऱ्या यंत्रात सारतो. त्या यंत्राचे रूळ वाकलेल्या फळीला दाबून तात्पुरती सरळ करतात, पाते वरचा थर काढते आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ बाकाला जाते. हाती येते ती सर्वत्र सारख्या जाडीची, पण तितकीच वाकडी फळी. महागड्या लाकडाचा भुसा होतो तो वेगळाच. 'प्लेनर म्हणजे नक्की कोणता?' असे विचारणारा सभासद म्हणूनच शब्दच्छल करीत नसतो.

असा घोळ आजचा नाही. जोसेफ मॉक्सन या लंडनच्या मुद्रकाने १६७७ पासून लोहारकाम, सुतारकाम आदी कारागिरींवर भागाभागाने लेखमाला छापली. अशा व्यवसायांवरचे इंग्रजीतील आरंभीचे लेखन म्हणून तिचा उल्लेख होतो. ओबडधोबड फळीवर पहिला हात फिरवणाऱ्या रंध्याला 'फोर प्लेन' का म्हणतात, हे त्याने आवर्जून समजावले आहे : तो इतर रंध्यांच्या आधी वापरतात म्हणून. त्याच साधनाला घरबांधणीतले सुतार 'जॅक प्लेन' म्हणत. एका शहरात, एका काळात, शेजारशेजारच्या दोन धंद्यांत एका रंध्याला दोन नावे असतील, तर अटलांटिकच्या दोन तीरांवर एकमत होण्याची अपेक्षा फोल आहे.

शुद्ध व्याकरणाचे प्रश्नही अधूनमधून निघतात. 'कापलेले' या अर्थी अमेरिकी माणूस 'सॉड' म्हणतो, ब्रिटिश 'सॉन'. मात्र ओंडक्याचे आधी चार भाग करून विशिष्ट पद्धतीने कापलेल्या लाकडाला अमेरिकी हौशीही 'क्वार्टरसॉन'च म्हणतो. नियम कोठे गेला, असे विचारले की उत्तर मिळत नाही. 'हार्डवुड'चेही तसेच. हे नाव कठीणपणावरून नव्हे, तर वनस्पतिशास्त्रीय वर्गावरून ठरते. त्यामुळे विमानाच्या खेळण्यांत वापरतात ते हलके, नखाने दबणारे बाल्सा 'हार्डवुड' आणि चांगलेच टणक असलेले यू 'सॉफ्टवुड' ठरते. 'टू बाय फोर' या नावाच्या अमेरिकी लाकडाची प्रत्यक्ष मापे दीड इंच बाय साडेतीन इंच असतात, कारण नाव वाळवण्या-तासण्याआधीच्या मापावरून पडले आहे. नावावर विसंबून आराखडा काढणाऱ्याचे टेबल डगमगते.

भारतातील हौशी सुतार या दोन इंग्रजींच्या मधोमध उभा आहे. व्हाइस, रिबेट हे शब्द त्याला ब्रिटिश वळणाच्या तांत्रिक शिक्षणातून मिळाले, तर नव्या पुस्तकांतून आणि चित्रफितींतून कानावर पडते ती बहुधा अमेरिकी परिभाषा. मापांची खिचडी त्याला नवी नाही. प्लायवूडची लांबी-रुंदी तो 'आठ बाय चार' अशी फुटांत सांगतो आणि जाडी लगेच मिलिमीटरमध्ये.

मराठीत बोलू लागताच त्याचे स्वत:चे वाद सुरू होतात. 'सहा फुटाची फळी' की 'सहा फुटांची'? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायला सांगतात, म्हणजे 'फुटांची' हे लेखनात बिनचूक. बोलण्यात तो अनुस्वार बहुधा गळतो आणि दुकानात तर 'दोन इंची खिळे' एवढ्यावर काम भागते. ते रूप सुटसुटीत आहे आणि चुकीचेही नाही. करवत ती, रंधा तो, लाकूड ते, याविषयी शंका नाही. पण ड्रिल? यंत्र मानले तर ते, मशीन मानले तर ती, आणि कित्येकांच्या तोंडी सरळ तो. सनमायका पुल्लिंगी आहे यावर सर्वसाधारण एकमत दिसते. मात्र तुकडा 'सनमायकाचा' की 'सनमायक्याचा', येथे गाडी अडते. रंध्याने, खिळ्याने या नियमाने 'सनमायक्याचा' हवे. ते कानाला खटकते अशी तक्रार असते. परक्या भाषेतून आलेले सोफा आणि कॅमेरा हे शब्द कधीच 'सोफ्यावर', 'कॅमेऱ्यात' असे मराठी वळणावर गेले आहेत, हा 'सनमायक्या'च्या बाजूने मुद्दा. ते सुतारकामाच्या बाजारातले नाव आहे, त्याला हात लावू नये, हा विरोधी मुद्दा. तुकडा चिकटवून झाला तरी हा वाद बहुधा सुरूच असतो.