फर आतून धुवायची असते

आमच्या कपडेपटात शिवकालीन अंगरखे आहेत, नऊवाऱ्या आहेत, राक्षसांची शिंगं आहेत. पण डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की सगळ्यात जास्त बाहेर असतात ती अस्वलं, ससे आणि वाघ. मे महिन्यात बालनाट्यं, शिवाय वर्षभर वाढदिवस आणि दुकानांची उद्घाटनं. एवढ्या फिरतीत फरचे पोशाख टिकवणं हे माझं काम. बघणारे म्हणतात, ‘केवढी धूळ बसत असेल हो यावर!’ धूळ झटकली की जाते. पोशाखाची खरी वाट लावतो तो आतला घाम.

ही फर म्हणजे ॲक्रिलिक, मॉडॲक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टरचे तंतू. ते विणलेल्या कापडात गुंतवलेले असतात आणि सुटू नयेत म्हणून कापडाला मागून बहुधा एक लेप देतात. वर दाट लव, खाली लेप दिलेलं कापड, त्याखाली अस्तर. वाऱ्याला वाटच नाही. आणि आत लहान मूलच असतं असं नाही. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी बालनाट्यांसाठी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, तेव्हापासून मुलांच्या नाटकात मोठ्या नटांनी मन लावून काम करायची रीत आपल्याकडे रुळली. आजही अस्वलाच्या आत अनेकदा धडधाकट मोठा माणूस असतो, नाचतो, उड्या मारतो आणि काही मिनिटांत निथळू लागतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो फोडतात, तेव्हा आंबूस दर्प सुटतो. कापड ओलं राहिलं की जिवाणूंचं फावतं.

काळ्या अस्वलाचा पोशाख उलटा करून बघा. मानेमागे, चेन जिथे सुरू होते तिथे, अस्तरावर वाळलेल्या मिठाची पांढरट रेघ दिसते. काखेत तशीच दुसरी. बाहेरच्या बाजूने नेमक्या त्याच जागी लव दाटून चपटी झालेली असते आणि बोटं फिरवली की मुळाशी बारीक गाठी लागतात. माझ्याकडे पोशाख परत आला की मी आधी या दोन जागा बघते. बाहेरची फर किती चमकते, ते नंतर.

परत आलेला पोशाख लगेच उलटा करायचा. अस्तर ओल्या सुती फडक्याने पुसायचं, म्हणजे मीठ निघतं. मग औषधांच्या दुकानात मिळणारं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवाऱ्याने हलकं मारायचं. परदेशातल्या नाट्यगृहांत याच कामासाठी व्होडका वापरतात. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको आणि आधी अस्तराच्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघायचं. डोळे ॲक्रिलिकचे असतील तर त्यांच्यावर थेंबही नको. स्पिरिटने त्यांना बारीक तडे जातात. अत्तर मारून वास दाबायची सवय मात्र मला मुळीच पटत नाही. आत शिरणाऱ्याला तास-तासभर त्याच हवेत श्वास घ्यायचा असतो.

धुवायची वेळ आली तर पाणी गारच हवं. हे तंतू म्हणजे प्लॅस्टिकच. उष्णतेने त्यांची टोकं वळतात, आखडतात आणि पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. इस्त्री, हेअर ड्रायरची गरम हवा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळं वर्ज्य. मोठ्या टपात पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा पातळ साबण अगदी थोडा. पोशाख उलटाच बुडवायचा आणि दाबून दाबून धुवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. कंडिशनर नको, त्याचा थर लवेवर बसतो आणि ती चिकट होते.

खरी कसोटी वाळवण्याची. ओला पोशाख भलताच जड होतो. तसाच हँगरला लटकवला तर खांद्याच्या शिवणी उसवतात. आधी जाड टॉवेलांत गुंडाळून पाणी टिपायचं, मग सावलीत बाजेवर पसरायचा. बाजेला खालून वारा लागतो, शिवाय खाली टेबलफॅन ठेवता येतो. अस्तर वाळत आलं की सुलटा करायचा. लव किंचित दमट असतानाच कुत्र्यांसाठी मिळणारा वाकड्या तारांचा ब्रश घ्यायचा. आधी टोकं मोकळी करायची, मग हळूहळू मुळाकडे जायचं. मुळापासून ओढलं तर तंतू गळून हातात येतात. ब्रश फिरत गेला की चपटी लव एकेक करत उभी राहते, अस्वल पुन्हा गुबगुबीत होतं. या कामात मी कितीही वेळ रमते.

पोशाखाचं डोकं पाण्यात कधीच बुडवायचं नाही. आतला फोम पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा वाटला तरी पोटात बुरशी धरतो. पुसायचं, फवारायचं, उंच बरणीवर उलटं ठेवून आत पंख्याची हवा सोडायची. बंद गाडीच्या डिकीत ते उन्हाळ्यात ठेवू नका. ग्लू गनने चिकटवलेले कान निघून येतात.

पावसाळ्यात पोशाख सुती पिशव्यांत ठेवते, प्लॅस्टिकमध्ये नाही, आणि अधूनमधून बाहेर काढून वारा देते. डांबराच्या गोळ्या घालत नाही. लोकर खाणारी कसर या कृत्रिम तंतूंवर जगत नाही, आणि तो वास नाका-डोळ्यांत जातो.

अमेरिकेत पिट्सबर्गला 2006 पासून अँथ्रोकॉन नावाचं संमेलन भरतं. असे पोशाख स्वतः शिवणारे, घालणारे लोक तिथे जमतात. डोकं काढून बसायला, पाणी प्यायला, पंख्याखाली वाळायला त्यांच्यासाठी वेगळी खोली राखलेली असते. आपल्या नाट्यगृहांच्या रंगपटातही असा एक कोपरा हवा, असं मला मनापासून वाटतं.

पोशाख भाड्याने नेणाऱ्या आयांना, शिक्षकांना आणि मंडळांना माझी विनंती आहे. अस्वलाला औक्षणाच्या तबकाजवळ आणि केकवरच्या मेणबत्त्यांजवळ उभं करू नका. ॲक्रिलिक भपकन पेटतं. आत सुती बनियन आणि डोक्याला पातळ टोपी घालायला द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी डोकं काढून आतल्या मुलाला पाणी पाजा. आणि कार्यक्रम संपल्यावर पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. उलटा करून खुर्चीवर पसरा, रात्रभर पंखा लावा, आणि सकाळी तसाच उलटा आणून द्या.