नवी शाळा, जुना सोबती

आपले पूर्णा हे रेल्वेचे गाव. बदलीवर आलेली तेलुगू कुटुंबे येथील क्वार्टरांत मराठी कुटुंबांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. अंगणात मुलांची भाषा एक होई. फाटाफूट होई ती नव्या शाळेत.

आमचाही असा एक सोबती होता. पाचवीत गेल्यावर वर्गाने त्याचे नाव ‘यंडुगुंडू’ ठेवले, दप्तर लपविले, खेळात घेईनात. आम्ही त्याला छळले नाही. एकदा सर्वांबरोबर हसलो, इतकेच. दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच घरी जाऊ लागला.

नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या. पुढल्या वर्षी तेथे देशभर छळविरोधी मोहीम निघाली. तिच्यामागे डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाचे संशोधन होते. त्याच्या मांडणीत छळणारा एकटा नसतो. त्याच्याभोवती साथ देणारे, हसणारे आणि मुकाट पाहणारे असतात. कामगारांत आम्ही हेच पाहिले. एकाला वेगळे काढले की बाकीचे नजर चुकवितात, कारण पुढची पाळी आपली असे प्रत्येकास वाटते. मुलाची भीतीही हीच. तिला दुष्टपणा म्हणू नये. मात्र परक्याचा टोमणा मूल विसरते, सोबत्याचे हसणे विसरत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. चांगले आहे. पण बाकावरून उठून गेलेला मित्र कलमाने परतत नाही. म्हणून घरी आलेल्या मुलास ‘कुणी मारले का?’ एवढेच न विचारता ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ हेही विचारावे. आम्हांला ते कुणी विचारले नाही.