वीस चौरस फुटांचं आतिथ्य

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत विगवर पावडर मारून घेण्यासाठी एक छोटी खोली असे. ही हौस इतकी फोफावली होती की १७९५ मध्ये धाकट्या विल्यम पिटच्या सरकारने केसांची पावडर वापरणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी कर बसवला. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यालगत पाहुण्यांसाठी जी पावडर रूम असते, तिच्यात कमोड आणि बेसिन एवढंच असतं. आंघोळीची सोय नसते आणि तिच्या रचनेतली सगळी मोकळीक यातूनच मिळते.

राष्ट्रीय इमारत संहिता स्वतंत्र शौचालयाला किमान १.१ चौरस मीटर जागा आणि ०.९ मीटर रुंदी मागते. आपण चार फूट बाय पाच फूट खोली धरू. फरशी वीस चौरस फूट. आठ फूट उंचीच्या भिंती मात्र दार वजा जाता सुमारे १२८ चौरस फूट, म्हणजे फरशीच्या सहापटीहून जास्त. ही खोली नजरेला भिंतींतूनच दिसते. शॉवर नसल्याने त्या छतापर्यंत टाइलने मढवायची गरज नाही. चुन्याचा घोटीव गिलावा, गडद रंग, लाकडी पॅनेल, सगळं इथे टिकतं. महागडा दगड बेसिनमागच्या एकाच भिंतीला लावला, तर बत्तीस चौरस फूट पुरतो. तो संगमरवर असेल, तर ॲसिडची बाटली त्या घरात नकोच. ॲसिड संगमरवराची झिलई खाऊन टाकतं.

कमोडची जागा आपली आवड ठरवत नाही, डक्ट, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांची उभी पोकळी, ठरवतो. मैल्याच्या पाइपला सुमारे ५० सेंटिमीटरमागे एक सेंटिमीटर उतार लागतो. डक्टपासून दोन मीटर लांब गेलं की उताराचेच चार सेंटिमीटर आणि त्यावर पाइपची जाडी. मग फरशी उचलून पायरी करावी लागते आणि त्या पायरीला म्हातारं माणूस अडखळतं. म्हणून डक्टला चिकटून राहावं. कमोडच्या मध्यापासून भिंत ३८ सेंटिमीटर, समोर दोन फूट मोकळे. दार बाहेर उघडावं: आत जागा वाचते आणि कुणी घेरी येऊन पडलं तर दार अडत नाही.

वासाचं मूळ बहुतेकदा ट्रॅपमध्ये असतं. लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या पाइपचं पेटंट घेतलं. त्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. पाहुण्यांची खोली रोज वापरात नसते. वैशाखात फरशीच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि दरवळ सुरू होतो. बेसिनचा पाइप त्याच ट्रॅपमध्ये सोडला, की प्रत्येक हात धुण्याबरोबर तो भरत राहतो. तासाला ८५ घनमीटर हवा ओढणारा एक्झॉस्ट एवढ्या खोलीतली हवा तीनेक मिनिटांत बदलतो, मात्र दाराखाली फट हवी. हवा आत आलीच नाही तर पंखा नुसता आवाज करतो.

जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ मध्ये सावल्यांचं सौंदर्य सांगणारा निबंध लिहिला. चकचकीत पांढऱ्या टाइल आणि झगझगीत उजेडाने शौचालयाची शांतता मोडते, ही त्यांची तक्रार मला पूर्ण पटते. छत मंद ठेवा. चेहऱ्यापुरता उजेड आरशाच्या दोन्ही बाजूंनी द्या. फक्त वरून पडणारा दिवा डोळ्यांखाली काळोख ओततो. तीन हजार केल्व्हिनपर्यंतचा उबदार प्रकाश घ्या आणि दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा अधिक असल्याची खात्री करा, म्हणजे कुंकवाचा आणि साडीचा रंग खरा दिसेल.

आता पाहुणीच्या बाजूने पाहू. जरीची साडी, खांद्याला पर्स. तिला दारामागे मजबूत हुक हवा, पदर सावरायला जागा हवी आणि कोरडी फरशी हवी. म्हणून जेट स्प्रे हाताशी आणि बेतशीर दाबाचा असावा, टॉवेल बेसिनच्या बाजूला असावा, झाकणाचा कचऱ्याचा डबा समोर दिसावा. यातलं काहीही तिला विचारावं लागलं, तर इटालियन दगडाचे पैसे वाया गेले.

म्हणून खर्चाचा क्रम उतार, हवा, उजेड आणि मग दगड असाच असावा. परक्या घरात माणूस जिथे सर्वांत जास्त संकोचतो, तिथे त्याचा संकोच घालवणं हीच या खोलीतली खरी श्रीमंती आहे आणि ती बहुतेक घरांना परवडते.