चिन्ह कोणाच्या मालकीचे?

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात बुना नावाचे एक लहान गाव आहे. तेथील हायस्कूलच्या संघांना ‘कूगर्स’ म्हणतात. कूगर म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह. या शाळेच्या चिन्हातील सिंहाचे डोके आपल्या ‘निटनी लायन’सारखे दिसते, अशी हरकत २०१० च्या सुमारास पेन स्टेट विद्यापीठाने घेतली. हे विद्यापीठ पेन्सिल्वेनियात, बुनापासून अठराशे किलोमीटरवर. गंमत अशी की, निटनी लायन हाही डोंगरी सिंहच! प्राणी एकच, रानात तो कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याचे डोके अमुक पद्धतीने काढायचे, तर त्याला मालक आहे.

ही एकट्या बुनाची गोष्ट नाही. त्याच सुमारास फ्लोरिडा विद्यापीठानेही आपल्याच राज्यातील एका शाळेच्या मगरीच्या चिन्हावर हरकत घेतली होती. अमेरिकेत गावोगावच्या शाळांचे फुटबॉल आणि बास्केटबॉलचे संघ असतात. शुक्रवारी रात्री सारा गाव शाळेच्या मैदानावर लोटतो. अशा संघाला चिन्ह हवे असते आणि चित्रकाराला द्यायला पैसे नसतात. मग कोणी शिक्षक, कोणी पालक आपल्या आवडत्या विद्यापीठाचे चिन्ह घेतो, त्याचा रंग बदलतो आणि ते हेल्मेटवर चढवतो. यात चोरीची भावना नसते, असलाच तर आदर असतो. पुढे ते चिन्ह जिमच्या लाकडी जमिनीवर, धावफलकावर, बँडच्या पोशाखावर येते. वीस-तीस वर्षे जातात आणि एके दिवशी वकिलाचे पत्र येते. मग जमीन घासा, हेल्मेट रंगवा, गणवेश नवे शिवा. सरकारी शाळेत हा सारा खर्च स्थानिक करांतून म्हणजे लोकांच्या खिशातून होतो. पत्र पाठविणारी विद्यापीठेही बहुतेक सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणारी. म्हणजे नोटीस पाठविण्याचा खर्चही जनतेचा आणि नोटीस पाळण्याचा खर्चही जनतेचा!

विद्यापीठांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अमेरिकेचा ट्रेडमार्क कायदा १९४६ चा आहे. चिन्हाच्या मालकाने त्याची राखण केली पाहिजे, असे त्याचे एक तत्त्व. आज शाळेला मोकळे सोडले, तर उद्या टी-शर्ट छापणारा कारखानदार न्यायालयात म्हणेल, हे चिन्ह तर सगळेच वापरतात, मग मलाच का अडवता? ही भीती अगदीच खोटी नाही. पण ‘राखण करा’ याचा अर्थ ‘पुसून टाकायला लावा’ असा होत नाही. नाममात्र शुल्कावर परवाना दिला, चिन्ह कुठे वापरायचे याच्या अटी घातल्या आणि त्यांवर लक्ष ठेवले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती राखणच असते. याचे ठळक उदाहरण ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचे आहे. लंबगोलातील ‘जी’ हे अक्षर या संघाने १९६१ मध्ये घेतले. त्याचा ट्रेडमार्क त्यांच्याकडे आहे. जॉर्जिया विद्यापीठ आणि लुइझियानातील ग्रॅम्बलिंग हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ तशाच धर्तीचा ‘जी’ त्यांच्या परवानगीने वापरतात. म्हणून पॅकर्सची मालकी बुडाली काय? मुळीच नाही. एक धंदेवाईक संघ हे करू शकतो, तर ज्ञानदानासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांना ते जड का जावे?

जड जाते, कारण आता चिन्ह हा मोठा व्यापार झाला आहे. बिल बॅटल यांनी १९८१ मध्ये विद्यापीठांच्या चिन्हांचे परवाने विकणारी कंपनी काढली. तिचे पहिले गिऱ्हाईक अलाबामा विद्यापीठ. पाहता पाहता टोप्या, बनियन, चहाचे कप, गाडीच्या काचा, सगळीकडे विद्यापीठे विकली जाऊ लागली. हाव कुठवर जाते पाहा: ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये कपड्यांसाठी इंग्रजीतील ‘द’ या उपपदाचाच ट्रेडमार्क मिळविला. व्याकरणसुद्धा सुटले नाही!

पण या चिन्हांना किंमत कोणी आणली? चित्र काढणाऱ्याने नाही आणि वकिलाने तर नाहीच नाही. ती आणली मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या पोरांनी. मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलांचा भरणा मोठा आहे. त्यांच्या घामावर चिन्ह चमकले आणि त्यांना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे कमाईला बंदी होती. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखाच खेळाडू दिसला. गेम विकला जात होता आणि त्याला त्यातला छदामही मिळत नव्हता. २००९ मध्ये तो न्यायालयात गेला. स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावण्याची मुभा खेळाडूंना मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. विद्यापीठाने खेळाडूला थेट वाटा द्यायची वाट २०२५ मध्ये मोकळी झाली. शाळेच्या भिंतीवरील मगर ज्यांना लगेच दिसली, त्यांना हा अन्याय दिसायला इतकी वर्षे का लागली?

आता याच अलाबामा राज्यातील, पण परवान्यांचा हा बाजार भरण्यापूर्वीची एक हकीकत सांगतो. तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

लाउंड्स काउंटी हा अलाबामातील कापसाचा मुलूख. शंभरांत ऐंशीच्या आसपास लोक कृष्णवर्णीय, पण १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातील एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. स्टोकली कार्मायकेल आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी स्थानिक लोकांबरोबर तेथे स्वतंत्र पक्ष उभा केला. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचे चित्र लागे. निवडणूक चिन्हाचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा आणि १९६६ च्या सुरुवातीपर्यंत त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणाही होती. त्याच्यासमोर काय उभे करायचे? रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीने आधी कबुतर काढून पाहिले. ते कोणाला पटले नाही. मग तिला कोणी तरी सुचविले, अटलांटाच्या क्लार्क कॉलेजचे चिन्ह बघ. कृष्णवर्णीयांच्या या कॉलेजच्या संघांचे चिन्ह होते पँथर. तो समोर ठेवून लाउंड्सचा काळा पँथर काढला गेला.

कॉलेजच्या मैदानावरचा पँथर असा मतपत्रिकेवर आला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी लाउंड्सकडून तो घेतला आणि ब्लॅक पँथर पक्ष काढला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत दलित पँथर उभी केली, तेव्हा हे नाव सातासमुद्रांपलीकडून आलेले होते. अटलांटा, लाउंड्स, ओकलंड, मुंबई. या साखळीत कुठेही परवाना शुल्क नव्हते, चिन्हाच्या रेषा अचूक आहेत की नाहीत हे तपासणारा अधिकारी नव्हता. ज्याने घेतले त्याने आपली लढाई त्यात ओतली आणि पुढच्याला ते अधिक वजनदार होऊन मिळाले. विद्यापीठांच्या परवाना खात्याच्या हिशेबवहीत अशा वाढीसाठी रकाना नाही.

लाउंड्सचा पक्ष नोव्हेंबर १९६६ ची निवडणूक हरला. पण त्याचे अध्यक्ष जॉन ह्यूलेट १९७० मध्ये त्याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. क्लार्क कॉलेज १९८८ मध्ये अटलांटा विद्यापीठाशी जोडले गेले. या क्लार्क अटलांटा विद्यापीठाचे संघ आजही मैदानात उतरतात ते पँथर्स या नावानेच.