पाहुणी आली वही घेऊन

तुमच्या घरी कधी परदेशी पाहुणी उतरली आहे का? चहापाण्यापुरती नव्हे, चांगली दहा-बारा दिवस राहायला? माझ्याकडे गेल्या दिवाळीनंतर उतरली, आणि तिसऱ्याच दिवशी मी तिला अंथरुणाला खिळवले. कसे, ते सांगते. तुमच्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून.

झाले असे की, ह्यांचे एक मित्र पुण्याला कॉलेजात शिकवतात. त्यांचा फोन आला, "वहिनी, जर्मनीहून एक मुलगी येतेय. जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करायचाय तिला. वर्षभरासाठी येतेय. पुढे धोमच्या बाजूला एखाद्या गावात खोली घेईल, पण पहिले काही दिवस वाईत तुमच्याकडे राहू दे. मराठी येतं तिला." मी हो म्हणून बसले. सासूबाईंचे माहेर त्याच खोऱ्यातले. 'जातं' हा शब्द ऐकून त्यांनी पोथीतून मान वर केली, पण बोलल्या काहीच नाहीत.

फोन ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. ती खाणार काय? तिखट चालेल का? माझा आठवडा ह्याच विचारात गेला. ज्याचा विचार करायला हवा होता ते ह्यांच्या मित्राने पुन्हा फोन करून सांगितले. आपल्याकडे परदेशी माणूस मुक्कामाला आले, की चोवीस तासांच्या आत ते कळवावे लागते. हा नियम हॉटेला-लॉजला आहे तसाच तुमच्या-माझ्या घरालाही आहे. आता ते काम संगणकावरून होते. शिवाय जी मुलगी सहा महिन्यांहून अधिक राहण्याच्या व्हिसावर येते, तिला आल्यापासून चौदा दिवसांत स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीकडे असते. त्यात भिण्यासारखे काही नाही, पण "घरचंच माणूस आहे, कशाला कळवायचं," असे मात्र म्हणू नका.

ती स्वारगेटहून एसटीने आली. पाठीवर भली मोठी पिशवी, अंगात सलवार-कमीज, हातात वही. दारातच वाकून सासूबाईंच्या पाया पडली. सासूबाईंना तिचे नाव काही केल्या उच्चारता येईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला आणि म्हणाल्या, "मी आपली पोरी म्हणीन." ती म्हणाली, "चालेल, आजी." मी झाले काकू.

आता माझा पराक्रम ऐका. दिवाळीचा फराळ उरलेला होता, त्यात मी चपात्या, भरली वांगी, कोशिंबीर, मसालेभात, ताक असा घाट घातला. ती "पुरे" म्हणाली की मी वाढे. "नको" म्हणाली की "एवढीशी घे गं" म्हणून अर्धी चपाती ताटात. आपल्याकडे पहिले 'नको' हे 'नको' नसतेच, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिला तिच्या शिक्षकांनी एवढेच बजावले होते, की वाढलेले टाकायचे नाही, घरच्या बाईला वाईट वाटते. म्हणजे बघा, मी माझा धर्म पाळत होते, ती तिचा पाळत होती, आणि भोगत होते ते तिचे पोट!

सकाळची दुसरी गंमत. मी साडेपाचला उठते. ही आपली नऊ वाजले तरी गाढ. सासूबाईंचा चेहरा मी ओळखते. "काय गं, झोपतीया किती ही? शिकायला आलीया का झोपायला?" मलाही मनातून तसेच वाटत होते, खोटे कशाला बोलू. मग ह्यांनीच बोटे मोजून दाखवली. हिवाळ्यात आपण जर्मनीच्या साडेचार तास पुढे. आपले साडेपाच म्हणजे तिच्या शरीराला रात्रीचा एक! रात्री आपण दिवे मालवतो तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ कलत असते. बिचारी तीन-तीन वाजेपर्यंत छताकडे बघत पडून राहायची. अशा माणसाला दुपारी चार-चार तास झोपू देऊ नये आणि सकाळी उन्हात बसवावे. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकते. मी तिला गच्चीवर वाळवण राखायला बसवू लागले. ऊनही मिळे आणि कामही होई. चौथ्या-पाचव्या दिवशी ती आपणहून सातला उठली.

पण त्याआधी तिसरा दिवस उजाडला. रात्रीपासून उलट्या आणि जुलाब. सकाळी तिचा चेहरा पांढराफटक. मी हबकले. हिच्या आईला काय तोंड दाखवू, हाच विचार. आणि पाणी तर मी आठवणीने उकळून, गाळून, वेगळ्या कळशीत ठेवत होते! आमच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारले, "ताक कुठल्या पाण्याचं केलंत? कोशिंबिरीची काकडी कशात धुतलीत? तिचा पेला विसळून लगेच ओला वापरता का?" मी गप्प. पिण्याचे पाणी उकळले होते, ताक मात्र नळाच्या पाण्याचे घुसळले होते. आपली आतडी इथल्या जंतूंना बरीचशी सरावलेली असतात, नव्या माणसाची नसतात. त्यातून पहिल्याच आठवड्यात पोट बिघडण्याचा धोका मोठा. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ताक, सरबत, बर्फ, चिरलेली फळे, कच्ची कोशिंबीर हे सगळे बंद. वाफाळते वरण-भात, गरम भाकरी, सोलून खायचे केळे हे उत्तम. आणि पाणी चांगले खदखदा उकळू द्या, नुसते कोमट करून भागत नाही.

औषध म्हणून मीठ-साखरेचे पाणीच मुख्य. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर घालू नका, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. घोट-घोट पाजत राहायचे. ह्या साध्या पाण्याची मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी तोंडावाटे द्यायला लावले आणि असंख्य जीव वाचले. ताप चढला, शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर मात्र घरचे उपाय पुरेत, दवाखाना गाठावा. जुलाब एकदम बंद करणाऱ्या गोळ्या तर मनाने मुळीच देऊ नयेत.

त्या दोन दिवसांत मी तिच्या उशाशी बसून होते. तेव्हाच आठवले, आपल्याकडच्या मुलीही अशाच गेल्या होत्या की. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या, तिथल्या थंडीत, परक्या जेवणात. आणि तिकडून इकडे येणाऱ्याही थोड्या नाहीत. गेल ऑम्वेट सत्तरच्या सुमारास महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या, पुढे इथल्याच झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून म्हणून राहिल्या आणि २०२१ साली तिथेच गेल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणला लोक मराठी कसे बोलतात ते अभ्यासायला आल्या आणि फलटणलाच शाळा काढून बसल्या. इरावतीबाईंच्या कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परक्यांना मराठी शिकवायची पुस्तके केली. ह्या सगळ्या मोठ्या झाल्यावर आपल्याला माहीत झाल्या. पण पहिल्या आठवड्यात त्यांनाही कोणीतरी अशीच पेज पाजली असेल, त्या बाईचे नाव कुठे छापलेले नाही.

बरी झाल्यावर पोरीने वही उघडली. आणि इथे मला दुसरा धक्का बसला. संध्याकाळी सहा वाजले की ती खोलीचे दार लोटून घ्यायची. आम्ही अंगणात गप्पा मारत बसलेल्या, शेजारपाजारच्या तिला बघायला आलेल्या, आणि ही आत एकटी. मला राग आला. आजारात मी इतके केले, आणि आता हिला आमची संगत नकोशी? दोन दिवस मी धुसफुसत होते. मग विचारलेच. ती ओशाळली. म्हणाली, "काकू, दिवसभर ऐकलेलं त्याच दिवशी लिहिलं नाही, तर उद्या मी माझ्या मनाचं लिहीन." मला ते पटले. दिवसाचा हिशोब रात्री मांडला नाही तर महिनाअखेर काय होते, ते आपल्याला नव्याने कोणी सांगायला नको.

"मग माझ्याबद्दल काय लिहिलंस?" मी थट्टेने विचारले. ती क्षणभर थांबली. "लिहिलंय, की काकू सगळ्यांच्या शेवटी जेवतात. विचारू का, असं का?"

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे आहे का? मी म्हटले, "सवय." तिने ते लिहून घेतले. खरे सांगते, तो एक शब्द कागदावर बघून मला कसेसेच झाले. मी शिकलेली, दोन वर्षे शाळेत नोकरी केलेली. आणि उत्तर काय, तर सवय! दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी थांबायला लागली. तिला थांबलेली बघून हेही थांबले. सासूबाई म्हणाल्या, "मग मी काय एकटी जेवू?" आता आम्ही चौघे एकदम बसलो. पोरगी गेल्यावर ते टिकले आहे का, असे विचाराल तर रविवारी टिकले आहे. रोज नाही.

राहता राहिल्या ओव्या. ज्यांच्यासाठी ती आली, त्याच आठ दिवस निघत नव्हत्या. सासूबाई "मला नाय येत, आता काय आठवतंय" म्हणून उडवून लावत. पोरीनेही ताणले नाही. तिला ठाऊक होते की, हे काम इथे पूर्वीच मोठे झाले आहे. पुण्यात राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत, आणि 'परी' या संग्रहात त्या आता संगणकावर वाचता-ऐकता येतात. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, त्याबरोबर पहाटेचे गाणेही थांबले. तिने सासूबाईंना त्यातल्या काही ओव्या फोनवर नुसत्या ऐकवल्या. दुसरीच ओवी संपली आणि सासूबाई म्हणाल्या, "ही चुकीची हाय. आमच्यात अशी नव्हती." झाले! मोटेचे पाणी पाटात सुटावे तसे सुरू झाले. सीतेच्या वनवासाच्या, पंढरीच्या, भावाच्या. गळा थरथरता, पण एक अक्षर अडत नव्हते. ह्यांनी आईचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. दाराशी उभे राहून ऐकत होते.

मग दोन ओव्या आल्या त्या सासुरवासाच्या. त्यात सासूबाईंच्या सासूबाई होत्या. नावानिशी नव्हे, पण घरातल्या माणसाला कळाव्या अशा. हे तिथून निघून गेले. त्यांची लाडकी आजी ती. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

सकाळी सासूबाईंनी पोरीला हाक मारली. "त्या शेवटच्या दोन पुसून टाक." मला वाटले, आता ही काय करणार? इतके हजार मैल जिच्यासाठी आली ती नेमकी ही वस्तू. तिने काल विचारूनच यंत्र लावले होते, नाव घालू का, तेही विचारले होते. ती म्हणू शकली असती, तुम्ही हो म्हणालात. तिने फोन काढला, सासूबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या देखत ती दोन गाणी पुसली. मग वहीतले ते पान फाडून त्यांच्या हातात दिले. सासूबाईंनी पान घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवले. "बाकीची ठेव," म्हणाल्या, "आणि नाव घाल माझं. माहेरचं."

ती गावात राहायला गेली त्या दिवशी मी तिला एक वाक्य पाठ करून दिले होते. ताटावर आडवा हात धरायचा आणि म्हणायचे, "आता पुरे, उरलेलं सकाळी खाईन." तिचा फोन आला, वाक्य चालते म्हणे. फक्त सकाळी खरेच वाढून ठेवतात.

मागच्या आठवड्यात मी तांदूळ निवडत होते. सासूबाई जवळ येऊन बसल्या. पोरगी नाही, हे बाहेर गेलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

"तुझा फोन कुठाय गं?"

"आत आहे, चार्जिंगला."

"राहू दे तिथंच," म्हणाल्या, आणि त्या दोन ओव्या त्यांनी मला म्हणून दाखवल्या.