अर्ध्या एमबीतलं बेट

पावसाळ्यात वरवे बुद्रुकला गेलात तर पुणे-सातारा रस्त्याचा गोंगाट पाठीमागे टाका आणि एखाद्या भातखाचरात उतरा. आत उतरलात की तेवढंच जग उरतं. चिखल, रोपांच्या ओळी आणि चारी बाजूंना बांध. बांध ओलांडला की पुढचं खाचर. त्याचा आकार वेगळा, पाण्याची वाट वेगळी, कडेचं झाड वेगळं. असे पंधरा-वीस बांध ओलांडून परत आलात, की रात्री डोळे मिटल्यावर अख्खं शिवार दिसतं. पाहिलं तुकड्यातुकड्यांनी, मनात मात्र सलग झालं. हे सांधकाम कोणी केलं?

याच सांधकामाच्या भरवशावर जगातला एक फार लाडका खेळ उभा आहे. त्याचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग'. निन्टेंडोनं तो 6 जून 1993 रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. आपल्याकडे तेव्हा जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत ठोकळे रचायचा ब्रिक गेम मिळायचा. गेम बॉय आलाच तर परदेशातून आलेल्या एखाद्या मामाच्या बॅगेतून यायचा. पण ज्यांच्या हाती या खेळाची कॅसेट पडली, त्यांनी ती सोडली नाही. 1998 मध्ये खेळाला रंग चढले, 2019 मध्ये निन्टेंडो स्विचसाठी तो पुन्हा नव्यानं बांधला गेला. तीस वर्षं उलटली तरी लोक त्या बेटावर परत जातात.

आधी यंत्र बघू, म्हणजे चमत्कार कुठं आहे ते कळेल. गेम बॉयचा पडदा 160 ठिपके रुंद आणि 144 ठिपके उंच. रंग म्हणाल तर शेवाळी हिरव्याच्या चार छटा. पडद्यामागून उजेड नाही, त्यामुळे रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसायचं. मेंदूचे ठोके सेकंदाला सुमारे 42 लाख, कामाला स्मृती 8 केबी. 1989 मध्ये हे यंत्र बाजारात आलं तेव्हाच ते जुनाट वाटत होतं. त्याच वर्षी अटारीनं रंगीत पडद्याचं यंत्र आणलं, पुढच्या वर्षी सेगानंही आणलं. मग जिंकलं कोण? हे शेवाळी डबडं. नंतर आलेल्या त्याच्या रंगीत भावंडासकट 11 कोटी 86 लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

हे गुनपेई योकोई या माणसाचं डोकं. त्याचा आग्रह असा, की तंत्र नवंकोरं नको, मुरलेलं हवं. स्वस्त झालेलं, खोडी माहीत असलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं असं काम सांगायचं. सेगाच्या यंत्राला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत मान टाकायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांहून जास्त चालायचा. लोणच्याइतकंच तंत्रानंही मुरायला हवं, हे या माणसाला पटलेलं होतं!

आता कॅसेट. तिची क्षमता 512 केबी, म्हणजे बरोबर अर्धा एमबी. तुमच्या मोबाइलमधला एखादा साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा खातो. या अर्ध्या एमबीत काय काय बसवलंय? एक आख्खं बेट. त्यावर गाव, जंगल, दलदल, वाळवंट, किल्ला, डोंगर. जमिनीखाली आठ मोठी भुयारं. शिवाय शेकडो संवाद, गाणी, राक्षस, कोंबड्या आणि मासेमारीचं एक तळं. कसं शक्य आहे?

थोडं गणित करू या. पडद्याच्या तळाशी 16 ठिपक्यांची एक पट्टी असते. जीव किती उरला, पैसे किती, हातात काय, ते तिथं दिसतं. ती वगळली की खेळायला 160 गुणिले 128, म्हणजे 20,480 ठिपके उरतात. चार छटा असल्या की एका बाइटमध्ये चार ठिपके मावतात. तेव्हा एका पडद्याच्या चित्राला 5,120 बाइट. बेट केवढं? 16 पडदे रुंद आणि 16 पडदे उंच, एकूण 256 पडदे. एकेक पडदा चित्र म्हणून साठवला तर लागतील 13,10,720 बाइट. कॅसेटची क्षमता 5,24,288. नुसत्या बेटाचं चित्रच कॅसेटच्या बरोबर अडीचपट होतं! संवाद नाहीत, गाणी नाहीत, भुयारं नाहीत, तरीही.

मग खेळ करणाऱ्यांनी चित्र साठवायचंच सोडून दिलं. त्यांनी छाप केले. झाडाचा एक छाप, दगडाचा एक, गवताचा एक, कड्याच्या कोपऱ्याचा एक. प्रत्येक छाप 16 ठिपके रुंद, 16 ठिपके उंच. एका पडद्यावर असे दहा आडवे, आठ उभे, म्हणजे 80 छाप बसतात. आता पडदा साठवायचा म्हणजे फक्त 80 आकडे लिहायचे: इथं 12 नंबरचा छाप, तिथं 40 नंबरचा. अंगणात रांगोळीचे छाप उमटवतो तसंच. आणि संपूर्ण बेट? 256 गुणिले 80, म्हणजे 20,480 आकडे.

हा आकडा ओळखीचा वाटतो ना? एका पडद्यावर जितके ठिपके, बरोब्बर तितकेच छाप संपूर्ण बेटावर! हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा चूक झाली असं वाटून पुन्हा केला. तेरा लाखांचं काम वीस हजारांत. आणि करणाऱ्यांचं तेवढ्यानंही समाधान झालं नाही. त्यांनी 80 आकडेही लिहिले नाहीत. 'या पडद्यावर सगळीकडे गवत. आता इथून आडवी सहा झाडं,' अशा हुकुमांची यादी लिहिली. मुकादम बिगाऱ्याला काम सांगतो तशी.

तुम्ही पडद्याच्या कडेला गेलात की पुढचा पडदा सरकत येतो. बांध ओलांडला, नवं खाचर. सबंध बेट यंत्राच्या पडद्यावर एका वेळी कधीच उभं नसतं. ते सांधलं जातं तुमच्या डोक्यात. आणि खेळणाऱ्याच्या डोक्यातली जागा कॅसेटच्या अर्ध्या एमबीत धरावी लागत नाही!

ही फुकटची जागा करणाऱ्यांनी किती हुशारीनं वापरली, ते बघा. नायक लिंक जहाज फुटून बेटावर येतो. मारिन नावाची मुलगी त्याला किनाऱ्यावरून घरी आणते. गावाबाहेर पडलात की एक मोठा दगड वाट अडवतो. उचलवत नाही. पुढं एक खड्डा, ओलांडता येत नाही. पलीकडे खोल पाणी, पोहता येत नाही. तुम्ही चरफडत मागे फिरता. मग पहिल्या भुयारात एक पीस सापडतं आणि लिंक उडी मारू लागतो. दुसऱ्यात कडं सापडतं, तो दगड उचलू लागतो. चौथ्यात पोहायची साधनं मिळतात. त्या क्षणी तुमच्या डोक्यात दिवा लागतो: अरे, तो दगड! तो खड्डा! यंत्रानं काही सांगितलेलं नसतं. दोन दिवसांपूर्वीचा दगड तुम्हालाच आठवतो आणि तुम्ही धावत सुटता.

वेल्ह्याकडच्या माणसाला हे निराळं समजावायला नको. तोरण्यावर शिवरायांना धन सापडलं आणि त्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं परंपरा सांगते. एका किल्ल्यानं दिलेली किल्ली पुढच्या किल्ल्याचं दार उघडते. झेल्डाच्या खेळांची मालिका पहिल्यांदा निर्माण करणारे शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे या गावाच्या परिसरात वाढले. लहानपणी डोंगरात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. ती भीती आणि ती उत्सुकता खेळात उतरावी अशी त्यांची धडपड होती. सह्याद्रीतल्या कुठल्याही पोराला विचारा, कपारीत पहिलं पाऊल टाकताना पोटात काय होतं ते.

'लिंक्स अवेकनिंग' मात्र कुणाच्या हुकुमावरून सुरूच झाला नाही. काझुआकी मोरिता हे प्रोग्रॅमर कामाचे तास संपल्यावर गेम बॉयवर काही जमतंय का, हे करून पाहत होते. हळूहळू आणखी मंडळी जमली. शाळा सुटल्यावर मैदानावर पोरं जमावीत तशी. दिग्दर्शक ताकाशी तेझुका यांना 'ट्विन पीक्स' ही अमेरिकी मालिका आवडायची. छोटं गाव, मोजकी माणसं आणि प्रत्येकात काहीतरी चमत्कारिक, असा खेळ त्यांना हवा होता. मोकळीक इतकी, की मालिकेच्या नावात असलेली राजकन्या झेल्डा या खेळात येतच नाही आणि मारिओच्या खेळातले राक्षस मात्र बिनधास्त हिंडतात. दुकानातून वस्तू चोरलीत, तर पुढं सगळं गाव तुम्हाला 'चोर' म्हणूनच हाक मारतं. कोंबडीला उगाच छळलंत तर कोंबड्यांचा थवा अंगावर धावून येतो. बाहुलीच्या बदल्यात रिबन, रिबनच्या बदल्यात कुत्र्याचं खाणं, त्याच्या बदल्यात केळी, अशी अदलाबदलीची एक लांबलचक साखळीही आहे, थेट आजीच्या गोष्टीतल्यासारखी.

गावातली पोरं तर कमालीची. कुठली बटणं एकदम दाबली की खेळ जपून ठेवला जातो, हे ती तुम्हाला सांगतात आणि वर म्हणतात, याचा अर्थ आम्हाला विचारू नका, आम्ही लहान आहोत! ती बटणं दाबली की कॅसेटच्या पोटात काय होतं? घड्याळात असतो तसा एक चपटा सेल आत बसवलेला असतो. गेम बॉय बंद असतानाही तो 8 केबी स्मृतीला जागं ठेवतो. कपाटात पडलेल्या कॅसेटमध्ये तुमचा लिंक वर्षानुवर्षं तसाच उभा असतो.

आता गोष्टीचा गाभा. ज्यांना स्वतः खेळून शोधायचं आहे त्यांनी इथं थांबावं.

बेटावरच्या डोंगराच्या टोकावर एक प्रचंड अंडं आहे. त्यात वायुमत्स्य झोपला आहे. आठ भुयारांतून आठ वाद्यं आणून त्याला जागं करायचं, तरच बेटावरून सुटका. खेळ अर्धा होतो आणि एका देवळातल्या भिंतीवर लिहिलेलं सापडतं, की हे बेटच त्या माशाचं स्वप्न आहे. तो जागा झाला की गाव नाही, कोंबड्या नाहीत, मारिन नाही. वटपत्रावर निजलेल्या बाळाच्या पोटात सारं विश्व पाहणाऱ्या मार्कंडेयाची गोष्ट ऐकत आपण वाढलो, आपल्याला ही कल्पना परकी नाही. पण इथं फरक एवढा, की जागं करणारे हात तुमचे आहेत. जिंकायचं म्हणजे ज्यांच्यावर जीव जडला त्यांना पुसून टाकायचं. चार छटांच्या पडद्यावर, पेन्सिल सेलच्या जोरावर, दहा वर्षांच्या पोरापुढं असा प्रश्न ठेवायला केवढं धाडस लागलं असेल!

आणि शेवटचं गाणं! मिनाको हमानो, कोझुए इशिकावा आणि काझुमी तोताका यांचं संगीत. गेम बॉय एका वेळी चारच आवाज काढू शकतो: दोन सुरांचे, एक तरंगांचा आणि एक खरखरीचा. तरीही अंड्यापुढं उभं राहिल्यावर आठ वाद्यं वाजतात. चारांतून आठ कुठून आली? पुन्हा तेच. आठही तुम्ही ऐकता. प्रत्येक वाद्य एकेका भुयारातून तुम्हीच आणलेलं असतं, त्यामुळे कान उरलेलं भरून घेतो.

मग बेट विरतं. घरं, किनारा, माणसं, एकेक करून.

भोरमध्ये उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी खाली गेलं की कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेलं. पाऊस आला की पुन्हा दिसेनासं होतं, तरी पाण्याकडं पाहत कोणीही बोटानं दाखवतं: तिथं आहे. त्या बेटाचंही खेळणाऱ्यांच्या बाबतीत असंच होतं.

वरव्याहून पुणं लांब नाही. त्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं ऑगस्ट 2020 मध्ये 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ काढला, आणि पहिल्यांदा काढला तो निन्टेंडो स्विचवरच. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, भिंतींवर रंगवलेल्या पुराणकथा, मधूनमधून बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारी गोष्ट. माझ्या मते त्यात मारामारी जरा जास्त आहे आणि भटकंती कमी. पण हातात मावणाऱ्या पडद्यावर आपल्या गोष्टीतली गुहा उघडली, याचा मला मनापासून आनंद आहे. मावळातल्या पोरांनी पुढची गुहा उघडावी. छाप, खाचरं आणि किल्ल्या त्यांच्या अंगणातच आहेत.

'लिंक्स अवेकनिंग' खेळायला घ्याल तेव्हा घाई करू नका. किनाऱ्यावर मारिनशेजारी थोडा वेळ बसा. तिला कुरव पक्षी होऊन समुद्रापार उडायचं आहे, असं ती तिथं सांगते. आणि मूळ खेळ एकदाही न मरता पुरा केलात, तर सगळी नावं सरकून गेल्यावर पंख फुटलेली मारिन पडद्यावरून उडत जाते.